पोकर : खेळाची मूलतत्त्वे, ऐतिहासिक विकास आणि दैव-कौशल्याचा प्रश्न

गोषवारा :

पोकर हा पत्त्यांचा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील लुईझियाना प्रांतात आकारास आला. वीस पानांच्या साध्या पैजेपासून आजच्या ‘टेक्सास होल्डेम’पर्यंत त्याच्या रचनेत मूलगामी बदल होत गेले. या बदलांमुळे खेळाडूला निर्णय घेण्याच्या संधी वाढल्या आणि दैव व कौशल्य यांचे परस्परप्रमाण बदलले. प्रस्तुत शोधनिबंधात या विकासाचा कालक्रमाने आढावा घेतला असून अमेरिकेत आणि भारतात या खेळाच्या कायदेशीर स्वरूपाविषयी झालेल्या वादाचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : पोकर, पोक, ब्रॅग, ड्रॉ, स्टड, टेक्सास होल्डेम, संभाव्यता, कौशल्य, जुगारविषयक कायदे.

प्रस्तावना :

मनुष्याला अनिश्चिततेचे आकर्षण प्राचीन काळापासून आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात द्यूतकाराच्या दुरवस्थेचे चित्रण आहे, तर महाभारतातील संघर्षाला द्यूतसभेनेच निर्णायक वळण दिले. फाशांच्या खेळात मात्र फासे पडल्यानंतर खेळाडूच्या हाती काही उरत नाही. पत्त्यांच्या खेळात प्रत्येकाची पाने इतरांपासून लपलेली असतात. त्यामुळे आपल्याजवळ काय आहे यापेक्षा आपल्याजवळ काय आहे असे प्रतिस्पर्ध्याला वाटते, याला महत्त्व येते. पोकरचा सारा डोलारा याच तत्त्वावर उभा आहे.

पोकर हा निव्वळ जुगार की बुद्धीचा खेळ, हा प्रश्न गेली दीडशे वर्षे चर्चेत आहे. न्यायालये, विधिमंडळे, गणितज्ञ आणि समाजसुधारक यांनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली. या उत्तरावर कोणाला शिक्षा व्हावी, कोणाला परवाना मिळावा आणि कोणत्या कुटुंबाची मिळकत धोक्यात यावी, हे ठरत आले आहे. म्हणूनच या खेळाचा इतिहास अभ्यासणे महत्त्वाचे ठरते.

उद्दिष्टे :

१. पोकरच्या मूलतत्त्वांचा परिचय करून घेणे.
२. पोकरचा उगम व त्याच्या रचनेतील बदल यांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
३. रचनेतील बदलांचा दैव व कौशल्य यांच्या प्रमाणावर झालेला परिणाम तपासणे.
४. पोकरविषयक कायदेशीर भूमिकांची चिकित्सा करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. खेळाच्या रचनेतील बदलांचे मूल्यमापन करताना संभाव्यतेच्या गणिताचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

अ) पोकरची मूलतत्त्वे

पोकर ५२ पानांच्या कॅटवर खेळला जातो. इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर हे चारही रंग समान दर्जाचे मानले जातात. यात हुकूम नसतो व हातही करावयाचे नसतात. प्रत्येक खेळाडूच्या पाच पानांचा मेळ हाच त्याचा ‘हात’ होय. पैजेची रक्कम मध्यभागी जमा होते, तिला ‘पॉट’ म्हणतात. आपली पाळी आल्यावर खेळाडू आधीच्या पैजेइतकी रक्कम लावू शकतो, पैज वाढवू शकतो किंवा पाने टाकून डावातून बाहेर पडू शकतो. पॉट मिळण्याचे मार्ग दोन. पाने उघड झाल्यावर ज्याचा हात श्रेष्ठ ठरतो तो जिंकतो, अथवा इतर सर्वांनी पाने टाकली तर उरलेला एकटा खेळाडू आपली पाने न दाखवताच जिंकतो. या दुसऱ्या मार्गामुळे ‘ब्लफ’ म्हणजेच हूल देणे शक्य होते.

हातांची प्रतवारी त्यांच्या दुर्मिळतेवर आधारलेली आहे. ५२ पानांतून पाच पाने निवडण्याचे २५,९८,९६० प्रकार होतात. त्यांची विभागणी पुढीलप्रमाणे आढळते :

१. एकाच रंगाची सलग पाच पाने (स्ट्रेट फ्लश) : ४० (एक्का-राजा-राणी-गुलाम-दस्सी या ‘रॉयल फ्लश’च्या ४ हातांसह)
२. एकाच मूल्याची चार पाने : ६२४
३. एका मूल्याची तीन व दुसऱ्या मूल्याची दोन पाने (फुल हाउस) : ३,७४४
४. एकाच रंगाची पाच पाने (फ्लश) : ५,१०८
५. सलग पाच पाने (स्ट्रेट) : १०,२००
६. एकाच मूल्याची तीन पाने : ५४,९१२
७. दोन जोड्या : १,२३,५५२
८. एक जोडी : १०,९८,२४०
९. यांपैकी काहीही नसलेला हात : १३,०२,५४०

याचा अर्थ असा की, पहिल्या वाटणीत निम्म्याहून किंचित अधिक वेळा खेळाडूच्या हाती साधी जोडीही नसते. प्रत्येकाने केवळ चांगल्या पानांची वाट पाहावयाची म्हटले तर खेळ पुढे सरकणारच नाही. कमकुवत हात असतानाही पैज लावावी का, किती लावावी आणि समोरच्याची पैज खरी मानावी की हूल, या निर्णयांतच खेळाचा प्राण आहे.

महाराष्ट्रात परिचित असलेल्या तीन पत्तीशी तुलना केल्यास प्रतवारीचे तत्त्व अधिक स्पष्ट होते. तीन पत्तीत सलग पाने एकाच रंगाच्या पानांहून श्रेष्ठ मानतात. पोकरमध्ये नेमके उलट आहे. ही विसंगती नव्हे. तीन पानांच्या एकूण २२,१०० प्रकारांत निव्वळ सलग पाने ७२० वेळा, तर निव्वळ एकाच रंगाची पाने १,०९६ वेळा येतात. पाच पानांच्या खेळात हे प्रमाण बदलते आणि एकाच रंगाचा हात अधिक दुर्मिळ होतो. दोन्ही खेळांची प्रतवारी एकाच गणिती तत्त्वाला धरून आहे.

आ) पोकरचा उगम

पोकरच्या उगमाविषयी अनेक मते प्रचलित आहेत. इराणमधील ‘आस-नास’ या २५ पानांच्या खेळापासून पोकर निर्माण झाला, असे मत दीर्घकाळ मांडले जात असे. पाच प्रकारची पाने, पाच खेळाडू आणि पैज लावण्याची पद्धत ही साम्यस्थळे त्यास कारणीभूत झाली. तथापि, आस-नासचे उपलब्ध वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, म्हणजे पोकर रुजल्यानंतरचे आहे. शिवाय ‘आस’ हा शब्दच एक्क्याच्या युरोपीय नावाशी जुळतो. त्यामुळे डेव्हिड पार्लेट यांच्यासारखे पत्त्यांच्या खेळांचे इतिहासकार इराणी उगमाचे मत ग्राह्य धरत नाहीत.

अधिक संभाव्य मत युरोपीय परंपरेकडे निर्देश करते. जर्मनीत ‘पोखेन’ व फ्रान्समध्ये ‘पोक’ या नावाचा पैजेचा खेळ होता. ‘पोखेन’ या क्रियापदाचा अर्थ ठोकणे असा आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात ‘ब्रॅग’ हा तीन पानांचा खेळ लोकप्रिय होता आणि १७५१ मध्ये एडमंड हॉइल यांनी त्यावर पुस्तिका लिहिली. ब्रॅग म्हणजे बढाई मारणे. नसलेल्या पानांची बढाई मारून दुसऱ्याला माघार घ्यावयास लावणे हे सूत्र या सर्व खेळांत समान दिसून येते. ब्रॅग आणि भारतातील तीन पत्ती यांच्या रचनेतील साम्यही लक्षणीय आहे.

न्यू ऑर्लीन्स शहराची स्थापना १७१८ मध्ये फ्रेंचांनी केली. १८०३ मध्ये लुईझियानाचा विस्तीर्ण प्रदेश अमेरिकेने फ्रान्सकडून विकत घेतला. फ्रेंच वसाहतवाल्यांचा ‘पोक’ इंग्रजी भाषकांच्या तोंडी ‘पोकर’ झाला असावा, हे मत आज बहुमान्य आहे. येथे इंग्रज वसाहतवाल्यांचा ब्रॅगही येऊन मिळाला. एकाच खेळाने दुसऱ्यास जन्म दिला असे न मानता, एका बंदरात अनेक परंपरांचा संगम झाला, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

इ) मिसिसिपी नदी आणि वीस पानांचा पोकर

१८११-१२ पासून मिसिसिपी नदीवर वाफेच्या बोटींची वाहतूक सुरू झाली. कापसाचे व्यापारी, मळेवाले व प्रवासी दिवसच्या दिवस या बोटींवर घालवीत. रोख पैसा आणि रिकामा वेळ एकत्र आल्याने बोटी जुगाराची केंद्रे बनल्या. इंग्रज नट जोसेफ कॉवेल यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत १८२९ च्या बोटप्रवासातील पोकरचे वर्णन केले आहे. त्याच सुमारास जोनाथन ग्रीन या पूर्वाश्रमीच्या जुगाऱ्याने १८४३ मध्ये जुगारातील फसवणुकीच्या युक्त्या उघड करणारे पुस्तक लिहिले. पोकरविषयीचे आरंभीचे लेखन असे प्रवासवर्णन आणि फसवणुकीचा पर्दाफाश या दोन रूपांत आढळते, ही बाब त्या काळातील खेळाच्या प्रतिष्ठेविषयी पुरेशी बोलकी आहे.

आरंभीच्या पोकरमध्ये एक्का, राजा, राणी, गुलाम व दस्सी अशी चार रंगांतील केवळ २० पाने असत. चार खेळाडूंना पाच-पाच पाने वाटली की कॅट संपे. पाने बदलता येत नसत आणि पैजांची फेरी एकच होई. २० पानांतून पाच पानांचे १५,५०४ प्रकार होतात. त्यांपैकी ७,६८० हातांत एक जोडी, ४,३२० हातांत दोन जोड्या व १,९२० हातांत एकाच मूल्याची तीन पाने येतात. पाचही पाने वेगळी असलेले हात केवळ १,०२४ असून ते सर्व एक्का ते दस्सी असेच असतात. म्हणजे या खेळात सलग पानांना स्वतंत्र अर्थ देण्यास वावच नव्हता आणि एका रंगाचे हात तर अवघे चार होते. खेळाडूला आपली पाने व समोरच्याची मुद्रा एवढाच आधार होता.

व्यावसायिक जुगाऱ्यांविषयीचा रोष या काळात तीव्र होता. जुलै १८३५ मध्ये मिसिसिपीकाठच्या व्हिक्सबर्ग गावात जमावाने पाच जुगाऱ्यांना कोणत्याही चौकशीविना फाशी दिले. नदीवरील जुगाऱ्याची प्रतिमा पुढील काळात कादंबऱ्यांनी व चित्रपटांनी आकर्षक केली. प्रत्यक्षात त्या व्यवसायाभोवती फसवणूक आणि हिंसा यांचे सावट होते.

ई) रचनेतील बदल : ड्रॉ आणि स्टड

१८३० ते १८५० या काळात वीस पानांच्या जागी ५२ पानांचा कॅट रूढ झाला. याचे परिणाम दूरगामी होते. एक, चारापेक्षा अधिक जणांना खेळता येऊ लागले. दोन, एका रंगाच्या हाताला अर्थ प्राप्त झाला. तीन, वाटणीनंतर पाने शिल्लक राहू लागल्याने नको असलेली पाने टाकून नवी घेण्याची सोय झाली. हाच ‘ड्रॉ पोकर’ होय. यात पाने बदलण्यापूर्वी व नंतर अशा पैजांच्या दोन फेऱ्या होतात. शिवाय प्रतिस्पर्ध्याने किती पाने बदलली हे सर्वांना दिसते. ज्याने एकच पान बदलले त्याच्याजवळ दोन जोड्या असतील, की तो एका रंगाच्या पाचव्या पानाच्या शोधात असेल, असा तर्क करता येऊ लागला. पोकरमध्ये अनुमानाने प्रवेश केला तो येथे.

१८४८ मधील कॅलिफोर्नियातील सुवर्णशोध आणि १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्ध यांमुळे पोकर देशभर पसरला. युद्धकाळाच्या सुमारास ‘स्टड पोकर’ प्रचारात आला. यात काही पाने सर्वांसमक्ष उघडी वाटली जातात. पाच पानांच्या स्टडमध्ये एक पान झाकलेले व चार उघडी असून पैजांच्या चार फेऱ्या होतात. सात पानांच्या प्रकारात या फेऱ्या पाचपर्यंत गेल्या.

सलग पानांच्या हाताला मान्यता मिळण्यास मात्र बराच काळ लागला. जुन्या प्रतवारीत चार एक्के हा अजिंक्य हात होता. तो हाती आलेल्या खेळाडूची पैज ही पैज राहत नसे, कारण त्यास हरण्याची भीतीच नसे. एकाच रंगाच्या सलग पानांना सर्वोच्च स्थान दिल्याने हा दोष दूर झाला. रॉयल फ्लश चारही रंगांत संभवत असल्याने सैद्धांतिक दृष्ट्या बरोबरीची शक्यता कायम राहिली. जोखीम दोन्ही बाजूंना असावी, ही नीतीची कल्पना जुगाराच्या नियमांतही कशी उतरली, याचे हे उदाहरण आहे.

१८७० च्या दशकात ब्रिटनमधील अमेरिकेचे राजदूत रॉबर्ट शेंक यांनी तेथील उच्चभ्रू मंडळींसाठी ड्रॉ पोकरचे नियम लिहून दिले. त्याच दशकात २ ऑगस्ट १८७६ रोजी डेडवुड येथे पोकर खेळत असताना ‘वाइल्ड बिल’ हिकॉक यांची गोळी घालून हत्या झाली. एकाच दशकातील राजदूताची बैठक आणि सरहद्दीवरील गुत्ता ही पोकरच्या दुहेरी प्रतिमेची दोन टोके होत.

उ) टेक्सास होल्डेम आणि स्पर्धांचे युग

विसाव्या शतकात टेक्सासमध्ये ‘होल्डेम’ हा प्रकार उदयास आला. २००७ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने रॉब्सटाउन या गावास त्याचे जन्मस्थान म्हणून मान्यता दिली. यात प्रत्येकास दोन झाकलेली पाने मिळतात; त्यानंतर मध्यभागी सर्वांसाठी सामाईक अशी प्रथम तीन, मग एक व शेवटी एक अशी पाच पाने उघडली जातात. या सातांपैकी उत्तम पाच पानांचा हात धरला जातो. पैजांच्या फेऱ्या चार होतात. सामाईक पाने सर्वांना दिसत असल्याने माहितीचा मोठा भाग उघड असतो आणि उरलेल्या दोन पानांविषयी तर्क करणे हेच मुख्य काम उरते.

नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगारास कायदेशीर मान्यता दिली होती. तेथील लास व्हेगास शहरात होल्डेम १९६३ मध्ये पोहोचला. १९७० मध्ये बेनी बिनियन यांनी आपल्या ‘हॉर्सशू’ कॅसिनोत ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ भरवली. पहिल्या वर्षी विजेता म्हणून जॉनी मॉस यांची निवड खेळाडूंच्या मतदानाने झाली. १९७१ पासून मात्र सर्व चकत्या एकाकडे येईपर्यंत खेळण्याची पद्धत सुरू झाली. मतदानाकडून प्रत्यक्ष निकालाकडे झालेली ही वाटचाल पोकरला क्रीडास्पर्धेचे रूप देणारी ठरली.

पुढील वाढ तंत्रज्ञानाने घडवली. १९९८ पासून इंटरनेटवर खऱ्या पैशाने पोकर खेळणे सुरू झाले. खेळाडूंची झाकलेली पाने प्रेक्षकांस दाखवणाऱ्या कॅमेऱ्यामुळे हा खेळ दूरचित्रवाणीवर पाहण्याजोगा झाला. २००३ मध्ये क्रिस मनीमेकर या हिशेबनिसाने ऑनलाइन पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळवून २५ लाख डॉलरचे पारितोषिक जिंकले. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. २००६ मध्ये ती संख्या ८,७७३ झाली आणि २०२३ मध्ये तिने प्रथमच दहा हजारांचा टप्पा ओलांडला. सामान्य माणसाच्या यशाची ही कथा जगभर पोहोचली. तिच्या मोहाने पैसे गमावलेल्यांच्या कथा मात्र कोणत्याही वाहिनीवर दिसल्या नाहीत.

ऊ) गणितज्ञांचा पोकर

जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये खेळांच्या गणिती सिद्धांताचा पाया घातला. १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरच्या सोप्या प्रतिकृतीचे विश्लेषण केले. हूल देणे हा स्वभावाचा भाग नसून योग्य प्रमाणात वापरावयाची आवश्यक नीती आहे, असे त्यातून सिद्ध झाले. जो कधीच हूल देत नाही त्याची प्रत्येक पैज खरी ठरते आणि म्हणून त्याला कोणी पैसे देत नाही.

२०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी दोन खेळाडूंचा मर्यादित पैजेचा होल्डेम जवळजवळ पूर्णपणे उकलल्याचे जाहीर केले. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ या संगणकप्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंचा १,२०,००० डावांत पराभव केला. निव्वळ दैवाच्या खेळात असा सातत्यपूर्ण विजय संभवत नाही. पोकरमध्ये कौशल्याचा वाटा आहे याचा हा भक्कम पुरावा होय. तथापि, तो पुरावा एक लाखाहून अधिक डावांचा आहे, हेही ध्यानात घेणे आवश्यक आहे. एका रात्रीच्या बैठकीत निकाल मुख्यतः पानांच्या वाटणीवरच अवलंबून राहतो.

ए) कायद्याची भूमिका

अमेरिकेत हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभीच उपस्थित झाला. १९११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या महाअधिवक्त्यांनी स्टड हा दैवाचा, तर ड्रॉ हा कौशल्याचा खेळ असल्याचे मत दिले. पुढे २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधील एका संघीय न्यायाधीशांनी पोकरमध्ये कौशल्याचे प्राबल्य असल्याचा निर्णय दिला. २०१३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला.

भारतात १८६७ चा सार्वजनिक जुगार अधिनियम व १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम यांनी निव्वळ कौशल्याच्या खेळांना शिक्षेतून वगळले. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला प्रकरणात जुगारास व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाकारले, मात्र कौशल्याच्या स्पर्धा वेगळ्या मानल्या. के. सत्यनारायण प्रकरणात (१९६८) रमीमध्ये कौशल्याचे प्राबल्य मान्य करताना न्यायालयाने ‘फ्लश’ व ‘ब्रॅग’ या नावांनी ओळखला जाणारा तीन पानांचा खेळ दैवाचा ठरवला. पोकरचा एक पूर्वज अशा रीतीने भारतीय न्यायनिर्णयात अवतरला.

पोकरविषयी राज्यांची भूमिका एकसारखी राहिली नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज व रमीबरोबर पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून वगळले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर हा जुगारच असल्याचा निर्णय दिला. गोव्यात १९७६ च्या कायद्यात १९९० च्या दशकात दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील व बोटींवर टेबलांवरील जुगारास परवानगी मिळाली आणि मांडवी नदीत कॅसिनो उभे राहिले. महाराष्ट्राने मात्र १९७६ चा कॅसिनोविषयक कायदा कधीच अमलात आणला नाही व २०२३ मध्ये तो रद्द केला. मिसिसिपीवरील बोटी आणि मांडवीवरील बोटी यांतील साम्य वरवरचे नाही. दोन्ही ठिकाणी किनाऱ्यावर जे चालत नाही त्याला पाण्यावर जागा मिळाली.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने या वादाला नवे वळण दिले. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना त्याने दैव व कौशल्य हा भेदच बाजूस ठेवला. पारंपरिक कसोटीपासून झालेली ही फारकत महत्त्वाची आहे.

या फारकतीमागील प्रश्न एका साध्या हिशेबाने समजू शकतो. समजा, सहा खेळाडू प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले आणि खेळवणारा प्रत्येक पॉटमधून ५ टक्के कापून घेतो. सरासरी पॉट २०० रुपयांचा धरल्यास शंभर डावांनंतर १,००० रुपये खेळवणाऱ्याकडे जातात. टेबलावर ६,००० ऐवजी ५,००० रुपयेच उरतात. खेळाडू कितीही कुशल असले तरी सहाही जण एकाच वेळी फायद्यात राहू शकत नाहीत. कौशल्यामुळे नुकसान कोणाच्या वाट्याला जाईल हे ठरते. नुकसान टळत नाही.

निष्कर्ष :

१. पोकर हा एकाच पूर्वजापासून निर्माण झालेला खेळ नसून पोक, पोखेन व ब्रॅग या युरोपीय परंपरांच्या लुईझियानातील संगमातून तो घडला असण्याची शक्यता अधिक आहे.

२. ५२ पानांचा वापर, पाने बदलण्याची सोय, उघडी पाने आणि सामाईक पाने या प्रत्येक टप्प्यावर खेळाडूस उपलब्ध होणारी माहिती वाढली. पैजांच्या फेऱ्याही एकीवरून चार-पाचांवर गेल्या. परिणामी कौशल्याचा वाटा वाढत गेला.

३. ‘पोकर हा दैवाचा खेळ की कौशल्याचा’ या प्रश्नाचे उत्तर पोकरचा प्रकार आणि डावांची संख्या यांवर अवलंबून आहे. वीस पानांच्या खेळाला लागू पडणारे उत्तर होल्डेमला लागू पडत नाही. तसेच लाखभर डावांचे उत्तर एका रात्रीला लागू पडत नाही.

४. खेळ कौशल्याचा आहे एवढ्यावरून तो निरुपद्रवी ठरत नाही. कुशल आणि अकुशल यांतील अंतर जितके मोठे, तितकी नवख्याची हानी निश्चित होते. म्हणून कायद्याने केवळ कौशल्याची कसोटी न लावता पैशाचा ओघ कोणाकडून कोणाकडे जातो, याचाही विचार करणे अगत्याचे आहे.

पैशाविना खेळला जाणारा पोकर संभाव्यता, तर्क आणि मानवी स्वभाव यांचे उत्तम शिक्षण देऊ शकतो. त्याच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात हानी झाली ती पानांमुळे नव्हे, तर गमावण्याची ऐपत नसलेल्यांनी लावलेल्या पैशामुळे, हेच या अभ्यासातून दिसून येते.